मळ्यातल्या वस्तीवर फायबर केबल : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

वाळवा तालुक्यातील आमची वस्ती गावठाणापासून दूर, उसाच्या मळ्यात आहे. डांबरी रस्त्याच्या कडेला स्थानिक इंटरनेट सेवादारांचा लोखंडी खांब असून त्यावर स्प्लिटरची, म्हणजे एका तंतूतला प्रकाश अनेक तंतूंत वाटणाऱ्या जोडणीची, पेटी बसवलेली आहे. तेथून घराच्या भिंतीपर्यंतचे अंतर आज टेपने मोजले, ते ३१० मीटर भरले : पाणंदीच्या पूर्व कडेने १८० मीटर, पाणंद ओलांडून तात्यांच्या आणि आमच्या शेतामधल्या बांधाने ९० मीटर, आणि पाट ओलांडल्यावर अंगणातून ४० मीटर.

सेवादारांच्या माणसाने सुचवलेला मार्ग नेहमीचाच होता. वाटेतल्या लिंबांना, बाभळींना आणि मध्ये मध्ये रोवलेल्या बांबूंना काळी ड्रॉप वायर बांधत आणायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत घरात इंटरनेट सुरू होते. शेजारच्या वस्त्यांवर असेच केलेले आहे आणि ते हंगाम सुरू झाला की तुटते. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीची उंची आम्ही गेल्या आठवड्यात बांबू लावून पाहिली, ती साडेतेरा फूट निघाली. बांबूवर ताणलेली तार पहिल्या पावसानंतर सैल होऊन त्याहून खाली येते. आप्पा म्हणाले, "दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर निघाला की मागं काय अडकलंय ते कोण बघतंय? वर बांधलीस की दर साली नवी आण."

तारेला वरचा मार्ग नेहमीच वाईट असतो, असे मात्र नाही. सांगली-मिरजेच्या गल्ल्यांत खांबापासून भिंतीपर्यंत पंचवीस-तीस मीटरचा एकच झोळ असतो, तेथे बाजूला पोलादी आधारतार असलेली आठच्या आकड्याच्या आकाराची केबल दोन्ही टोकांना योग्य क्लॅम्पने बांधली तर ती वर्षानुवर्षे टिकते. ताण आधारतार घेते आणि केबलमधल्या काचेच्या तंतूवर तो येत नाही. आमच्याकडे तशा दहा-बारा झोळांची गरज पडली असती, प्रत्येक झोळाला पक्का खांब लागला असता, आणि महावितरणच्या खांबांवर परवानगीशिवाय काहीही बांधायचे नाही हे घरात आधीच ठरलेले आहे. त्यामुळे केबल जमिनीखालून आणण्याचे नक्की केले.

१९ जानेवारी २०२५

खोदण्याआधी उजेडाचा हिशेब मांडला. काचेतून येणारा प्रकाश घरापर्यंत पुरेसा उरणार नसेल, तर चर कितीही चांगला खणला तरी उपयोग नाही.

आपल्याकडे घरोघरी येणारी सेवा बहुतेक जीपॉन पद्धतीची असते. गावातल्या यंत्रापासून निघालेला एकच तंतू वीज न लागणाऱ्या स्प्लिटरमधून वाटला जातो. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, म्हणून एकाच तंतूत दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकींना न अडवता चालते. आमच्या मार्गावर आठ-आठचे दोन स्प्लिटर एकापुढे एक आहेत, म्हणजे एका पोर्टवर चौसष्ट घरे. प्रत्येक स्प्लिटर साडेदहा डेसिबलच्या आसपास प्रकाश खातो, दोन्ही मिळून एकवीस. गावापासून खांबापर्यंतची सुमारे चार किलोमीटर केबल आणखी एक डेसिबल घेते, आणि जोड व कनेक्टर मिळून साधारण दीड. यंत्रातून प्लस तीन डीबीएमच्या (डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) आसपास निघालेली पातळी खांबावर मायनस वीस-साडेवीसला पोहोचायला हवी. सेवादारांच्या तंत्रज्ञाने रिकाम्या पोर्टवर पॉवर मीटर लावून वाचन घेतले, ते मायनस २०.४ डीबीएम आले. घरातले यंत्र मायनस २७ पर्यंत काम करते, त्यामुळे सहा डेसिबलहून अधिक राखीव हाताशी राहते.

दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, आणि मायनस वीस डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये काचेचा तंतू संदेशवहनाला वापरता येईल असे मांडले, तेव्हा किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत नुकसान उतरले तरी पुरे, अशी त्यांची अट होती. आज साध्या तंतूत १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपासच नुकसान होते. आमच्या ३१० मीटर अंतरात काच स्वतः एक दशांश डेसिबलही घेणार नाही. जे जाईल ते जोडांत, वळणांत आणि पाणी शिरलेल्या पेट्यांत जाईल, म्हणून पुढच्या सगळ्या कामाचा रोख तिकडेच ठेवायचा आहे.

२५ जानेवारी २०२५

पाणंद ओलांडण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला. उद्या ग्रामसभा आहे, त्यामुळे विषय लवकर निघेल असे ग्रामसेवक म्हणाले. तात्यांच्या बांधाबाबत तोंडी होकार होताच, तरीही एक कागद करून त्यावर मार्गाचा नकाशा काढला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. जमिनीतली वस्तू पुढच्या पिढीला दिसत नाही, कागद दिसतो.

९ फेब्रुवारी २०२५

पलीकडच्या शेतातला ऊस तुटून गेला आणि काल रात्री त्यांनी पाचट पेटवले. आज सकाळी बांधावरून फिरताना ठिबकच्या व्हॉल्व्हचा जमिनीबाहेर आलेला पीव्हीसी पाइप वितळून वाकलेला दिसला, आगीपासून तो चांगला हातभर लांब असूनही. यावरून एक नियम ठरवला : शेताच्या कडेने जमिनीच्या वर प्लॅस्टिकचा एकही तुकडा ठेवायचा नाही. केबल खांबावर चढते तेथे आणि घराच्या भिंतीवर चढते तेथे, एवढ्या दोनच जागी ती जमिनीबाहेर येईल आणि दोन्हीकडे जीआय पाइपात असेल. खांबाभोवतीचे पाचट दर तोडणीनंतर ओढून बाजूला करावे लागेल, कारण लोखंडी पाइप आगीचा झोत अडवतो, उष्णता अडवत नाही.

पाचट न पेटवता सरीत आच्छादन करावे, असे कृषी खाते कितीतरी वर्षे सांगत आहे. आमच्या शेतात आम्ही ते करतो, पण केबलचे संरक्षण शेजाऱ्याच्या शेतीपद्धतीवर सोपवता येत नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

केबलची निवड झाली. चार तंतूंची, गोल, सुमारे सात मिलिमीटर जाडीची, आत जेल भरलेली, काचधाग्यांचे आवरण आणि मध्ये एफआरपीच्या (काचतंतू आणि रेझिनच्या, अधातू) कांड्या असलेली, बाहेरून काळ्या पॉलिथिलीनची. तंतू जी.६५७.ए२ प्रकारचा, म्हणजे साडेसात मिलिमीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत फारसा प्रकाश न सांडणारा, जुन्या जी.६५२ प्रकाराला तीस मिलिमीटरची मोकळीक लागते.

या निवडीवर घरात बरीच चर्चा झाली. तात्यांचे म्हणणे होते की उसात घुशी माजलेल्या असतात, त्यामुळे पोलादी पत्र्याचे कवच असलेलीच केबल घ्यावी. मुद्दा खरा आहे. ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत वळवाबरोबर येणारी वीज हा आमच्याकडचा दुसरा धोका आहे. तांब्याच्या टेलिफोन तारेच्या काळात विजेचा धक्का तारेवरून घरात येऊन मोडेम जळत असे. धातूचे कवच असलेली फायबर केबल तोच रस्ता पुन्हा उघडते, आणि तिला दोन्ही टोकांना नीट अर्थिंग द्यावे लागते. पूर्णपणे अधातू केबलमध्ये हा प्रश्न उरत नाही. म्हणून घुशींचा बंदोबस्त केबलने न करता पाइपाने करायचा, असे ठरले. एचडीपीई, म्हणजे घट्ट पॉलिथिलीनचा, पाइपही घूस कुरतडू शकते, पण तीन फूट खोल, घट्ट बसवलेल्या मातीतल्या गुळगुळीत गोल पाइपाला तिचे दात सहजी लागत नाहीत. धोका आहे तो बिळांनी पोखरलेल्या बांधात आणि उघड्या तोंडांशी. बांधातल्या ज्या टप्प्यात बिळे दिसतात तेवढा टप्पा जीआय पाइपाच्या आतून जाईल.

काळा रंग शोभेचा नव्हे. बाहेरच्या पॉलिथिलीनमध्ये काजळी मिसळलेली असते आणि तीच उन्हातल्या अतिनील किरणांपासून आवरणाला वाचवते. घरातून वापरायची पांढरी पॅच कॉर्ड भिंतीबाहेर काढून नेलेली अनेक ठिकाणी दिसते; अशी आवरणे उन्हात काही वर्षांत कडक होऊन तडकतात.

२ मार्च २०२५

पाइप आला. ४० मिलिमीटर बाहेरील व ३३ मिलिमीटर आतील व्यासाचा, आतून कायमचा निसरडा थर असलेला डक्ट घेतला; ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या सरकारी भारतनेट योजनेच्या चरांतून असाच पाइप जाताना रस्त्याकडेला सर्वांनी पाहिला असेल. सात मिलिमीटरच्या केबलसाठी एवढा मोठा पाइप कशाला, असे दुकानदाराने विचारले. उत्तर असे की केबल ही बदलण्याची वस्तू आहे आणि पाइप हा कायमचा. दहा वर्षांनी तंतू खराब झाला किंवा आणखी एका घराला जोड द्यायचा झाला, तर पुन्हा जेसीबी बोलावण्याची वेळ येऊ नये. या प्रकल्पातला सर्वाधिक पैसा पाइपात आणि चरात गेला आहे, केबल त्या मानाने स्वस्त आहे, आणि मला हे प्रमाण योग्य वाटते.

९ मार्च २०२५

चराची खोली ९० सेंटिमीटर ठरवली. मुख्य मार्गांवरील सरकारी केबल १.६५ मीटर खोल पुरण्याचा दंडक आहे, तो आम्हाला पेलणारा नाही आणि त्याची गरजही नाही. पण शहरातल्या बंगल्याच्या बागेत चालणारी दीड फुटाची खोली मळ्यात धोक्याची आहे. पलटी नांगर फूट-सव्वा फूट जातो आणि सबसॉयलर दोन फुटांपर्यंत माती फाडतो. मार्ग शेताच्या कडेने असला तरी वळताना ट्रॅक्टरवाला अवजार कोठे उचलेल याचा नेम नसतो.

खोदण्याआधी या पट्ट्यात जमिनीखाली काय काय आहे त्याची यादी आप्पांनी सांगितली आणि मी नकाशावर उतरवली : लिफ्टची (उपसा सिंचनाची) जुनी सिमेंट पाइपलाइन, तिच्या शेजारची नवी पीव्हीसी, तात्यांच्या मोटारीची केबल, आणि कोणालाही नक्की जागा न आठवणारा एक निचऱ्याचा पाट. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये खोदकामापूर्वी सूचना देण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणले. डांबरी रस्त्याकडेच्या टोकासाठी त्यावर नोंद केली. शेतातल्या पाइपांची माहिती मात्र म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातच असते.

मोटारीच्या केबलच्या आसपासचा टप्पा जेसीबीने न खणता कुदळीने हाताने खणायचा, वीज बंद करून. काचेच्या तंतूवर विजेच्या तारेचा परिणाम होत नाही, त्यामुळे हे अंतर इंटरनेटसाठी नसून खणणाऱ्या माणसासाठी राखायचे आहे.

१६ मार्च २०२५

ग्रामपंचायतीचे पत्र मिळाले. चर सुरू.

२३ मार्च २०२५

काळ्या मातीचा स्वभाव या कामात पहिल्यापासून गृहीत धरावा लागतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या हालचालीत तिच्यात पुरलेली प्रत्येक ताठ वस्तू थोडी थोडी सरकते. सिमेंट पाइपांचे सांधे याच कारणाने उघडतात. म्हणून डक्ट चरात सरळ ताणून न ठेवता किंचित नागमोडी ठेवला, खाली आणि वर मिळून अर्धा फूट बारीक मुरूम पसरला, आणि ढेकळे थेट पाइपावर पडू दिली नाहीत.

उष्णतेचाही विचार करावा लागला. दुपारी उन्हात तापलेला एचडीपीई पाइप रात्री थंड होताना आकसतो. पंधरा अंशांच्या फरकाला ३०० मीटरमध्ये हे आकसणे सुमारे पाऊण मीटर भरते. दुपारी लांबी कापून सांधा घट्ट केला, तर पहाटे तो ओढला जातो. त्यामुळे पाइप चरात अंथरून, वर हलकी माती टाकून रात्रभर तसाच ठेवला आणि सांधे सकाळी उन्हे चढण्याआधी कसले.

पाणंदीखालचा टप्पा जीआय पाइपातून नेला. गाळपाच्या हंगामात त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या जाणार आहेत, आणि ओल्या काळ्या मातीत चाकोरी पडली की वरचा अर्धा फूट थर नाहीसा झाल्यासारखाच असतो. पाटाखालीही तसाच पाइप, तळाच्या दोन फूट खालून.

पाइपाच्या वर साधारण फूटभर माती टाकल्यावर पिवळी सूचनापट्टी अंथरली. जेसीबीच्या बकेटला ती आधी लागते आणि चालकाला थांबण्याची संधी मिळते. धातूची शोधतार मात्र घातली नाही, कारण आकाशातल्या विजेसाठी पुन्हा तोच रस्ता झाला असता. तिच्याऐवजी वळणांवर आणि पाटाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे बुटके खुंट रोवले आणि प्रत्येक खुंटाचे अंतर विहिरीच्या कठड्यापासून व गोठ्याच्या कोपऱ्यापासून मोजून नकाशावर लिहिले. चर बुजवताना माती वीतभर उंच ठेवली, पावसाने ती बसेल.

३० मार्च २०२५

दोन चेंबर बांधले, एक पाणंद ओलांडण्याच्या वळणावर आणि एक अंगणाच्या कोपऱ्यात. सिमेंटची रिंग, वर झाकण, तळाला फक्त खडी. तळ सिमेंटने बंद करावा असे गवंड्याचे मत होते, पण मग साचलेले पाणी कोठे जाणार? पावसाळ्यात या जमिनीत चेंबर कोरडे राहणार नाही, हे धरूनच चालायचे. म्हणून चेंबरमध्ये एकही जोड ठेवायचा नाही, केबल खांबापासून घरापर्यंत अखंड एक. चेंबरात फक्त आठ-आठ मीटरची जादा वेटोळी असतील.

सर्व टप्प्यांत पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावून फोमचा बोळा फुंकला, बोळ्यामागे नायलॉनची दोरी. बोळा विनाअडथळा बाहेर पडला, म्हणजे पाइप कोठे चेपलेला नाही आणि आत खडा नाही.

६ एप्रिल २०२५

केबल ओढली. पत्रकात ओढण्याच्या ताणाची मर्यादा १००० न्यूटन, म्हणजे जवळपास शंभर किलोचा भार, दिलेली आहे. माणसाच्या हातांनी ती सहसा ओलांडली जात नाही, ट्रॅक्टरने क्षणात ओलांडली जाते आणि चालकाला कळतही नाही; तंतू लगेच तुटला नाही तरी ताणाखाली सूक्ष्म चिरा घेऊन आत पडून राहतो, आणि ओलावा त्या चिरा सावकाश वाढवत नेतो. म्हणून ट्रॅक्टर दूर ठेवला. दोरी केबलच्या बाहेरच्या आवरणाला न बांधता आतल्या काचधाग्यांना आणि एफआरपीला बांधली, मध्ये फिरणारी कडी घातली, जेणेकरून केबलला पीळ बसू नये.

मदतीला आलेल्यांपैकी एकाने केबलला कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी लावण्याची सूचना केली. गडी पाइपलाइनच्या कामात असे करतात, पण येथे ते नाकारले, कारण साबणासारख्या द्रव्यांच्या सहवासात ताणाखालचे पॉलिथिलीन कालांतराने तडकते. डक्ट आतून निसरडा असल्यामुळे गरजही पडली नाही. वळणावरच्या चेंबरमध्ये एक माणूस उभा करून केबल मोठ्या वेटोळ्यांनी बाहेर काढली आणि पुढच्या टप्प्यात घातली. ओढताना केबलच्या जाडीच्या वीसपट आणि ठेवल्यावर दहापट त्रिज्या राखण्याचा साधा नियम आहे. आमच्या केबलला ते १४ आणि ७ सेंटिमीटर होतात.

केबलबरोबर एक नवी नायलॉन दोरीही पाइपात सोडली आहे, ती तशीच राहील. पाइपांची सर्व तोंडे रबरी बुचांनी बंद केली. या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा भाग हाच आहे. उघड्या तोंडातून चिखल, बेडूक, उंदीर आणि त्यांच्या मागोमाग सापही आत जातो.

१३ एप्रिल २०२५

भिंतीवरचे काम. जमिनीतून वर येणारा जीआय पाइप खिडकीच्या पातळीपर्यंत नेला. भिंतीतले छिद्र आतून बाहेर उतरते पाडले, म्हणजे पावसाचे पाणी आत ओढले जाणार नाही. छिद्रात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा झोळ दिला. ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते आणि भिंतीत जात नाही. छिद्राभोवती सिलिकॉन भरले, पांढरे सिमेंट नाही, कारण केबल पुन्हा काढायची झाली तर सिमेंट फोडताना आवरण जाते. पश्चिमेचा पाऊस या भिंतीवर थेट येतो, म्हणून पेटी बाहेर न बसवता आतल्या बाजूला बसवली. बाहेरच्या पेट्यांत मुंग्या आणि गांधीलमाश्या घर करतात, हे शेजारी पाहिलेले आहे.

२० एप्रिल २०२५

जोडकामासाठी तंत्रज्ञ यंत्र घेऊन आले. वारा सुटला होता, म्हणून खांबाकडचा जोडही गाडीच्या आत बसून केला. तंतूवरचे २५० मायक्रॉनचे लेपण काढल्यावर १२५ मायक्रॉनची उघडी काच उरते, म्हणजे केसाएवढी. तिला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून क्लीव्हरने काटकोनात कापतात, यंत्र दोन टोके समोरासमोर आणते आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करते. वर उष्णतेने आकसणारी नळी बसते. दोन्ही जोडांचे नुकसान यंत्राने ०.०२ आणि ०.०३ डेसिबल दाखवले.

काचेचे कापलेले तुकडे त्यांनी झाकणाच्या बाटलीत जमा केले आणि मुलांना ओटीवरून आत पाठवले. तो तुकडा कातडीत शिरला तर डोळ्यांना दिसत नाही आणि चिमट्यात सापडत नाही. तंतूच्या टोकात डोळा लावून "उजेड येतोय का" असे पाहणाऱ्यांनाही त्यांनी रोखले. हा प्रकाश दिसत नाही, पण तो लेझरचा असतो. तपासण्यासाठी लाल प्रकाशाचा पेन वेगळा मिळतो.

कनेक्टर दोन्हीकडे हिरव्या एससी-एपीसीचे आहेत. त्यांचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, त्यामुळे परत फिरणारा प्रकाश मागे लेझरकडे जात नाही. निळ्या सपाट कनेक्टरमध्ये हिरवा घुसवला तर तो बसतोही, म्हणूनच ही चूक गावोगाव दिसते. नुकसान तर होतेच, शिवाय दोन्ही टोके ओरखडली जातात.

पोर्टला जोडण्यापूर्वी घराकडून सुरुवातीची लांब जोडकेबल लावून ओटीडीआरने, म्हणजे तंतूत प्रकाशाचे झटके सोडून कोठे किती नुकसान होते ते दाखवणाऱ्या यंत्राने, तपासणी केली. घरातल्या पेटीच्या जागी १३१० नॅनोमीटरला ०.३ डेसिबल नुकसान दिसले, ते कनेक्टर आणि जोड मिळून ठीकच आहे. पण १५५० ला त्याच जागी ते ०.७ होते. वाईट जोड किंवा मळका कनेक्टर दोन्ही तरंगलांबींना जवळपास सारखाच खातो, वळण मात्र लांब तरंगाला अधिक सांडते. ही दोन वाचने शेजारी ठेवली की दोष कोणत्या जातीचा आहे ते पेटी उघडण्याआधीच कळते. पेटी उघडल्यावर ट्रेच्या झाकणाखाली तंतूचे एक वेटोळे दाबले गेलेले सापडले. ते मोकळे करून बसवल्यावर १५५० लाही ०.३ झाले. फक्त पॉवर मीटर लावून सोडून दिले असते तर १४९० वर ही गोष्ट आकड्यात जेमतेम दिसली असती.

संध्याकाळी खांबावरच्या पोर्टला जोडणी झाली. घरातले वाचन मायनस २१.०. यंत्रावरचा लाल दिवा गेला, हिरवा लागला.

२७ मे २०२५

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले. चर दोन ठिकाणी वीतभर खचला, तेथे माती भरली. वळणावरच्या चेंबरमध्ये झाकणापर्यंत पाणी आहे आणि केबलची वेटोळी त्यात बुडलेली आहेत. वाचन मायनस २१.०. गेल्या आठवड्यात जवळच वीज पडली, तेव्हा तात्यांच्या मोटारीचा स्टार्टर गेला; आमच्या फायबरकडून काही आले नाही. विजेच्या प्लगमधून येणारा धोका तसाच आहे, म्हणून ढग गडगडू लागले की अ‍ॅडॅप्टर काढण्याची सवय घरात लावली आहे.

३ ऑगस्ट २०२५

पाट दुथडी भरून वाहिला. कृष्णाकाठी २०१९ चा पूर विसरलेला माणूस सापडणार नाही. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि तेथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमची वस्ती तेव्हा पाण्याबाहेर होती, पण डांबरी रस्त्याचा सखल भाग बुडाला होता. त्या पाण्याची खूण खांबाजवळच्या नाल्याच्या मोरीवर अजून दिसते, म्हणून स्प्लिटरकडचा जोड तिच्याहून वर घेण्याची विनंती सेवादारांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. काचेतून वीज जात नसल्यामुळे पाण्याने फायबर तत्काळ बंद पडत नाही. पण कनेक्टरच्या टोकांमध्ये पाण्याचा आणि गाळाचा थर आला की प्रकाश विखुरतो, आणि पूर ओसरल्यावर लाल दिव्यांच्या तक्रारी येतात त्या बहुतेक यामुळेच.

१६ नोव्हेंबर २०२५

तोडणी सुरू झाली. पाणंदीवरून ट्रॉल्या जाऊ लागल्या असून चाकोरी अर्ध्या फुटाची झाली आहे. जीआय पाइपावर अजून दोन फुटांहून जास्त माती आहे. जाणाऱ्या ट्रॉलीबरोबर पलीकडच्या वस्तीची बांबूवरची तार या आठवड्यात तुटली.

काल लिफ्टच्या पाइपलाइनची गळती काढण्यासाठी जेसीबी बांधावर आला होता. आप्पा नकाशा घेऊन खुंटाजवळ उभे राहिले आणि चालकाला मार्ग चुन्याने आखून दिला. चर दीड हात अलीकडे घेतला गेला.

२३ नोव्हेंबर २०२५

तात्यांच्या घराला जोड द्यायचे ठरले. आमच्या केबलमधले तीन तंतू रिकामे आहेत. दुसरा तंतू अंगणातल्या चेंबरपासून वेगळा काढला तर तेथे जोडपेटी ठेवावी लागेल, आणि चेंबर पावसाळ्यात बुडते. त्यामुळे दुसरा तंतू आमच्या घरातल्या पेटीत आणून, तेथून वेगळी केबल अंगणातल्या पाइपातल्या मोकळ्या जागेतून परत तात्यांकडे नेण्याचा पर्याय बरा वाटतो. अंतर साठेक मीटरने वाढते, नुकसान दोन जोडांचे आणि एका कनेक्टरचे. सहा डेसिबलच्या राखीवात ते सहज बसते. पाइपात सोडलेली नायलॉनची दोरी या कामी येईल, तिच्याबरोबर नवी दोरी आत ओढून ठेवायची आहे. खांबावर दुसरे पोर्ट रिकामे आहे का, हे तंत्रज्ञांना विचारले आहे.